लीटियाचा नवरा

“फोनवर विचारू नकोस, रुजू. मी परत येईपर्यंत थांब, नाहीतर तू स्वतः येऊन विचार.”

मालाया विमानतळावरून बोलत होती. विमानतळ म्हणजे तिच्या गावाबाहेरची धावपट्टी आणि तिच्या कडेची एक पत्र्याची खोली. मागे वारा असा घोंघावत होता की तिचे निम्मे शब्द वाटेतच उडून जात होते. तिच्या आईच्या छातीत कळ आली होती आणि रुग्णविमानातून दोघी मोठ्या इस्पितळात निघाल्या होत्या. अशा घाईतही ही बाई आठवणीनं कामाचं सांगायला फोन करते, याचं मला कौतुक वाटलं. ती काय सांगते आहे, ते मात्र मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

“मला सातवा संपत आलाय, मालाया. रक्तदाब वाढलाय. डॉक्टर जिना चढू देत नाहीत, विमानात कोण बसू देणार?”

“मग थांब.”

“थांबता येत नाही. एकतीस मार्च.”

“बर्फाला एकतीस मार्च माहीत नाही.”

“सरकारला माहीत आहे ना.”

ती हसली. “सरकारला सांग, आमचा बर्फ त्याच्यापेक्षा वयानं मोठा आहे.” मग हसणं थांबवून म्हणाली, “खरंच सांगते. फोनला सगळं कळत नाही. आमच्या म्हाताऱ्यांना फोनवर विचारायचं नसतं.”

“का पण?”

“दार उघडलं विमानाचं. जाते.”

माझं नाव ऋजुता. तिला ते उच्चारायला जमायचं नाही, म्हणून तिनं रुजू केलं होतं. त्या वेळी मी कॅनडात, ओटावातल्या एका विद्यापीठात प्रकल्प समन्वयक होते. आमचा प्रकल्प होता दूर उत्तरेकडच्या इन्युइट या मूळ रहिवाशांच्या एका गावाबरोबर. मालाया तिथलीच, आमची दुभाषी. तिथे समुद्र वर्षातले आठ महिने गोठलेला असतो आणि त्या गोठलेल्या समुद्रावरूनच लोक शिकारीला, मासेमारीला, शेजारच्या गावाला जातात. अलीकडे बर्फ भरवशाचा राहिला नव्हता. वाटेवर ठिकठिकाणी जाडी मोजणारी यंत्रं बसवायची आणि माणसांना आधी सावध करायचं, एवढं साधं काम होतं. पैसा सरकारी होता आणि त्याला एक अट होती: गाव नुसतं पाहणारं नाही, भागीदार असेल. वाट कुठली, दिवस कुठला, सगळं गावातल्या पाच ज्येष्ठांच्या समितीला विचारून ठरवायचं. पूर्वी संशोधक यायचे, मोजायचे, निघून जायचे. गावाला कधी एक कागदसुद्धा यायचा नाही. ती रीत मोडणारी ही अट होती आणि मला तिचा अभिमान होता. अर्जातला तो सगळा भाग मी लिहिला होता.

त्या हिवाळ्यात वादळांमुळे यंत्रं वाटेत अडकली आणि मार्चच्या मध्यावर गावात पोचली. जोसेफी ती घेऊन निघाला. वय एकाहत्तर, बर्फावर माणसं नेण्यात सगळा जन्म गेलेला. बरोबर आमचा तंत्रज्ञ गॅरेट. दोन दिवसांवरच्या शिकारी झोपडीत पोचल्यावर त्यांचा निरोप आला: ठरलेली वाट बंद आहे. बर्फाचे थर एकमेकांवर चढून माणसाच्या दुप्पट उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. दुसरी वाट आहे, ती खडकाळ टोकाला वळसा घालून जाते. नवी वाट म्हणजे पुन्हा समितीची संमती आली. रेडिओ त्या आठवड्यात नुसता खरखरत होता. उपग्रहावरून छोटे निरोप जायचे, तेही फक्त माझ्या संगणकावरून.

समितीच्या पाचांत जोसेफीची बायको लीटिया होती. तिचा जन्म त्या टोकाजवळच्याच हिवाळी तळावर झालेला. तिथलं पाणी तिला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. हेही मीच अर्जात लिहिलं होतं, चांगलं दिसतं म्हणून.

बैठक दुपारी दोनला झाली. मालाया नव्हती, म्हणून दुसऱ्या शहरातला एक दुभाषा फोनवर घेतला. त्याला सर्दी झाली होती आणि तो सारखा माफी मागत होता. गावाच्या सभागृहात टेबलावर फोनचा डबा ठेवून पाच म्हातारी माणसं भोवती बसली होती. मला चहाचे कप ऐकू येत होते.

मी सगळं समजावून सांगितलं. मग विचारलं, “सत्तावीस तारखेला टोकावरून गेलं तर चालेल का?”

दुभाष्यानं विचारलं. पलीकडे शांतता. कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला.

“काय म्हणतात?”

“काही नाही हो. कुणी बोललं नाही.”

“पुन्हा विचारा ना.”

त्यानं पुन्हा विचारलं. एकजण खोकला. पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. आमचे प्रमुख माझ्या दाराशी येऊन उभे होते. बोलले काहीच नाहीत, मनगटावर दोनदा बोट टेकवलं. पोटात बाळ ढुशा देत होतं. मी म्हटलं, “कुणाची हरकत नसेल तर मग आपण असं ठरवू या.” त्यांच्या भाषेतला एकच शब्द मला यायचा, तो म्हटला: नाकुर्मीक, आभारी आहे. आणि फोन ठेवला.

फॉर्मवर रकाना होता: संमती कशी घेतली. मी लिहिलं: दूरध्वनीवरून, एकमताने.

जोसेफीला निरोप पाठवला, “समितीची संमती आहे. टोकावरून जा.”

अर्ध्या तासानं उलट निरोप आला. “लीटिया हो म्हणाली?”

मला हसू आलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगायला एक गोष्ट मिळाली, असं वाटलं. इतक्या वर्षांचा संसार, समोर एवढा समुद्र, आणि म्हातारा बायकोला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. मी लिहिलं, “हो. त्या बैठकीत होत्या.”

त्याचा शेवटचा निरोप मला पाठ आहे. “ती हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली असेल तर ठीक. जातो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गॅरेटचा निरोप आला, “जोसेफी पाण्यात गेला.”

नंतर त्यानं सगळं सांगितलं. जोसेफी पुढे चालत होता. हातात लोखंडी टोकाची लांब काठी. प्रत्येक पावलाआधी तो बर्फावर तीनदा काठी मारायचा, आवाज ऐकायचा, मग पाय टाकायचा. टोकाशी भुसभुशीत हिम कमरेएवढं साचलं होतं. काठी खालपर्यंत पोचेना. तिथे तो थांबला. बराच वेळ थांबला. गॅरेटला वाटलं, मागे फिरणार. पण त्यानं मान हलवली, जणू कुणाशी तरी बोलणं संपलं होतं, गॅरेटला हातानं जागीच थांबायला सांगितलं आणि पुढे गेला. तो सापडला नाही.

चौकशी झाली. संमतीचा कागद फाइलला होता, कागदात चूक नव्हती. मला कुणी काही विचारलं नाही. अपघातामुळे आमच्या अनुदानाला मुदतवाढ मिळाली. त्यासाठी एक पानाचा अर्ज लागला, तो मीच भरला. तो आधीही करता आला असता.

मेच्या शेवटी मुलगी झाली. मी तेव्हापासून तिचा श्वास मोजू लागले. पाळण्यात हात घालून बसायचे. पोट वर येतं, खाली जातं, मधे क्षणभर थांबलं की मी पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सगळ्याच आया असं करतात, असं बाळंतपणाला आलेली आई म्हणायची. सगळ्याच करत असतील. पण मी मोजत असताना माझ्या डोळ्यांसमोर काठी असायची.

जूनमध्ये मालायाचा फोन आला. तिची आई बरी होऊन घरी आली होती. थोडं इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, “लीटिया विचारतेय, तुझ्या मुलीला नाव देऊ का?”

“कुठलं नाव?”

“त्याचं. पाल्लुक. जोसेफी हे चर्चमधलं, पाल्लुक हे खरं.”

तिकडे गेलेल्या माणसाचं नाव जन्मलेल्या बाळाला देतात. मुलगा, मुलगी बघत नाहीत. नावाबरोबर माणूसही थोडा येतो, असं मानतात, आणि घरचे त्या बाळाला जुन्याच नात्यानं हाक मारतात. हे सगळं मालायानं सांगितलं. मी लगेच हो म्हटलं. नाही म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

आईनं डाळिंबाचे दाणे काढता काढता ऐकलं होतं.

“बुडालेल्या माणसाचं नाव ठेवतात का कुणी? काहीतरीच तुझं.”

“इरावती नाव आहेच गं. हे आणखी एक.”

“एक काय आणि दोन काय, नाव ते नाव.”

“आपल्याकडे नाही का, आजोबांचं नाव नातवाला ठेवतात? मग सुनेला सासऱ्यांचं नाव घेता येत नाही म्हणून ती त्याला आयुष्यभर बाळ म्हणते.”

“ते आपले आजोबा. हे कोण कुठले?” ती वाटी घेऊन उठली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळून म्हणाली, “तू काय केलंयस गं? खरं सांग.”

मी पाळण्यात हात घातला.

सप्टेंबरात मुलीला घेऊन गेले. पहिल्यांदाच त्या गावी. झाड एकही नाही, खडक आणि रंगवलेली लाकडी घरं, आणि समोर उघडा, करडा, हलणारा समुद्र. तो हलताना बघवत नव्हता. लीटियाच्या दाराशी मी टकटक केलं, तर मालायानं माझा हात धरला.

“दार वाजवू नकोस. इथे पोलीस आणि सरकारी माणसंच दार वाजवतात.”

लीटिया खिडकीशी बसली होती. लहानखुरी, पांढरी वेणी, अंगात फुलाफुलांचा झगा आणि पायांत पुरुषाचे मोजे. तिनं हात पुढे केले. मी मुलगी दिली. तिनं बाळाच्या गालाला नाक लावून खोल श्वास घेतला, डोळे मिटले, आणि हळूच म्हणाली, “उइगा.”

“माझा नवरा,” मालाया म्हणाली.

मग तिनं नवऱ्याला फैलावर घेतलं. मालाया माझ्यासाठी भाषांतर करत होती आणि हसू दाबत होती. “म्हणतेय, भलताच गोरा होऊन आलास. म्हणतेय, चुलतभावाला बर्फावरच्या गाडीचा पट्टा दिलास, त्यानं अजून परत केला नाही, आता तूच माग. म्हणतेय, दात नाहीत हे बरं झालं, आता मांस चावून मीच देणार, घोरणं तेवढं कमी कर.” माझी मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. चार महिन्यांचं मूल कुणाकडे इतका वेळ बघत नाही. रडली नाही, हसली नाही, नुसती ऐकत होती.

लीटियाचा आवाज खाली गेला. मालाया बोलायची थांबली.

“काय म्हणाली?”

“काही नाही.”

“सांग ना.”

“विचारतेय, टोकावरून का गेलास? माझं ऐकायचास तू.”

खोलीत किटली उकळत होती. मला ते सहा महिने कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं होतं ते माझ्या मुलीला. मी म्हटलं, “मी सांगितलं त्यांना. त्यांनी विचारलं, लीटिया हो म्हणाली का? मी हो लिहिलं. तेव्हा ते गेले.”

मालायानं ते लीटियाला सांगितलं, अगदी थोड्या शब्दांत. लीटियाचा हात बाळाच्या पाठीवर फिरत होता, तो थांबला नाही.

“त्यांना विचार,” मी म्हटलं, “माझ्यावर रागावल्यात का?”

मालायानं विचारलं. लीटियानं माझ्याकडे पाहिलं आणि नाक आकसून घेतलं. काही कुजकं समोर आल्यासारखं. जोरात, एकदाच. मला ते पुरेसं होतं. मी उठले, मुलीला घ्यायला वाकले.

“खाली बस,” मालाया म्हणाली. “ती नाही म्हणतेय.”

“काय?”

“रागावलेली नाही, असं म्हणतेय. आमच्याकडे नाक असं केलं की नाही. भुवया वर केल्या की हो. तोंडानं कशाला बोलायचं, समोर माणूस असताना?”

मी बसले. कानात कप वाजले, बशीवरचा चमचा वाजला, कुणीतरी खोकलं. मी मालायाला म्हटलं, “बैठकीत काय झालं होतं, ते विचार.”

लीटियानं सांगितलं, चिडून नाही, हवापाण्याचं सांगावं तसं. डब्यातून दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं नाही म्हटलं. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. मग ती वाट बघत बसली, का म्हणून कुणी विचारेल याची. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पौर्णिमेच्या उधाणात त्या टोकाखालचं पाणी बर्फ खालून खात जातं, वरून काही दिसत नाही, काठीलाही कळत नाही. पण कुणी विचारलं नाही आणि डबा बंद झाला. का म्हणून विचारलंसुद्धा नाही, म्हणजे बेत सोडून दिला असणार. ती घरी गेली आणि तो येईल म्हणून सूप टाकलं.

मालाया पुढे काही म्हणाली नाही. ‘सांगितलं होतं तुला’ एवढं तरी म्हणायला हवं होतं.

मला वाटलं, झालं, निदान खरं तरी सांगून झालं. इतके महिने छातीवर होतं ते उतरलं. मी एवढी मूर्ख होते. कारण लीटिया बाळाला उचलून तोंडासमोर धरत होती आणि तिचा आवाज बदलला होता.

“काय म्हणतेय?”

मालायानं आधी किटली उतरवली, मग म्हणाली, “म्हणतेय, मला वाटत होतं तू माझं ऐकलं नाहीस. पहिल्यांदाच ऐकलं नाहीस, म्हणून गेलास. सहा महिने तुझ्यावर रुसले होते.” ती थांबली. “आणि तू माझं ऐकून गेलास.”

म्हातारी रडली नाही. मुलीला छातीशी धरून खिडकीतून समुद्राकडे बघत पुढेमागे झुलत राहिली. माझ्या छातीवरचं मी तिच्या छातीवर ठेवलं होतं आणि आता ते परत घेण्याचा काहीही मार्ग नव्हता. तिच्यापाशी एक रुसवा होता, उबदार, नवराबायकोतला. तोही मी काढून घेतला.

सात वर्षं झाली. वडिलांच्या आजारपणात आम्ही नाशिकला परत आलो ते इथेच राहिलो. इरावती दुसरीत आहे. चारचौघांसारखी आहे, भेंडी खात नाही, पाढे चुकवते. फक्त, गेल्या श्रावणात आम्ही गोदावरीच्या घाटावर गेलो होतो. पायऱ्यांवर पाणी आलं होतं. सगळी मुलं धावत उतरली. ही वरच उभी राहिली, आजोबांची छत्री उलटी धरली आणि प्रत्येक पायरीवर तीनदा टोक आपटून, मान तिरकी करून ऐकत, मग पाय टाकत उतरली. मी तिला जोसेफीबद्दल काही सांगितलेलं नाही. कुणीच सांगितलेलं नाही. मी तिला उचललं आणि घरी आणलं, आणि त्या रात्री पुन्हा श्वास मोजत बसले.

लीटिया आता ओटावात आहे. पाय गेले, थोडं विसरायलाही होतं, आणि तिच्या गावात अशा माणसांना ठेवायची सोय नाही. म्हणून गावापासून तीन विमानं दूर, एका वृद्धाश्रमात ठेवलंय. तिथे तिची भाषा बोलणारं कुणी नाही. मालाया वर्षातून एकदा जाऊ शकते, तेही तिकिटाची सोय झाली तर. मी दर रविवारी फोन करते. परिचारिका रिसीव्हर तिच्या कानाला लावते. मालायाकडून पाठ करून घेतलेला एकच प्रश्न मी विचारते, बरी आहेस का? तिकडून शांतता. मग परिचारिका फोन घेते, म्हणते, “त्या ऐकताहेत. छान आहेत. काही तक्रार नाही त्यांची.”

“त्यांच्या चेहऱ्याकडे बघता का जरा?”

“हो हो, छान आहेत,” ती म्हणते. तिला आणखी दहा जणांना गोळ्या द्यायच्या असतात.

मोठ्या आवाजात ओरडून सांगण्याइतकं काही हे नाही. पण तुमच्यापैकी कुणी ओटावात असाल, किंवा तुमचं मूल तिकडे शिकायला असेल, तर एक काम करा. पत्ता मी कळवते. नदीच्या पूर्वेला आहे, बस जाते. आधी फोन करू नका, सरळ जा. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसा. जेवण आवडतं का, थंडी वाजते का, कुणी ओरडतं का, असं एकेक विचारा आणि घाई करू नका. काही बोलली नाही तरी उठू नका. नाक आकसलं तर का म्हणून विचारा, आणि कळलं नाही तरी उत्तर पुरतं ऐकून घ्या. आणि भाषा येत नसली तरी फोनमधला इरावतीचा हा फोटो तिला दाखवा, मी पाठवते: तिच्या नवऱ्याचे पुढचे दोन दात पडलेत.